एमजीबी घेताय? आधी उंबरा बघा

[दृश्य : इंग्लंडमधल्या एका घरामागचं गॅरेज. शटर वर जातं. ताडपत्रीखाली एक बुटकी, दोन सीटची, उघड्या टपाची गाडी.]

जुनी गाडी विकणारा माणूस सगळ्यात आधी इंजिन चालू करून दाखवतो. किल्ली फिरते, इंजिन दोनदा खोकतं, मग धडधडत लागतं आणि बघायला आलेल्याचा चेहरा खुलतो. विकणाऱ्याचं निम्मं काम तिथेच झालेलं असतं.

ही एमजीबी, एमजी या ब्रिटिश कंपनीची जुनी स्पोर्ट्स कार. ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनत होती. पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक अमेरिकेला गेल्या. तिच्यावरचा अष्टकोनी बिल्ला आपल्याकडे हल्ली एमजी हेक्टर या गाडीवर दिसतो. पण हेक्टर गुजरातेत हालोलला बनते आणि एमजी या नावाची मालकी आता चिनी कंपनीकडे आहे, तेव्हा ते नातं बिल्ल्यापुरतंच. आपलं खरं नातं बॉनेटखाली आहे. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजमधलं, आणि त्याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन आपल्या अॅम्बेसेडरने वर्षानुवर्षं ओढलं. अॅम्बेसेडरवर हात बसलेला कोल्हापूरचा एखादा जुना मिस्त्री इथे उभा केला, तर तो पाच मिनिटांत बाह्या सरसावेल.

म्हणूनच इंजिनाची फार काळजी करू नका. रांगेत चार सिलिंडर, पेट्रोलमध्ये हवा मिसळणारे दोन एसयू कार्बोरेटर, कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. धूर मारत असेल, तेल गळत असेल, अगदी जाम झालेलं असेल तरी ते खाली उतरवून पुन्हा बांधता येतं. पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट, सगळं आजही नवं मिळतं. वायरिंगच्या तक्रारीही बऱ्याचदा गंजलेल्या अर्थिंगपाशी येऊन संपतात.

खरा पैसा जातो पत्र्यात.

[दृश्य : कॅमेरा खाली येतो. दाराखालची लांब पट्टी, रंग चकचकीत.]

एमजीबीच्या आधीच्या एमजीएला खाली स्वतंत्र चेसिस होती आणि वर बॉडी बसवलेली. बॉडी कुजली तरी सांगाडा उभा राहायचा. एमजीबीला तशी चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यात टप उघडं, म्हणजे वरून आधार शून्य. पुढची चाकं आणि मागची चाकं एकमेकांना धरून ठेवण्याचं बरंचसं काम दाराखालच्या या दोन उंबऱ्यांवर येतं. इंग्रजीत त्यांना सिल म्हणतात. हा उंबरा एका पत्र्याचा नसतो. बाहेरचा पत्रा, मधला पडदा, आतला पत्रा आणि खालून आधाराची पन्हळ, अशी ती बंद पेटी असते.

इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात. ते खारं पाणी आणि चिखल चाक उडवतं, पुढच्या मडगार्डच्या मागे साठवतं, आणि तिथून ते या पेटीत झिरपतं. गंज आतून बाहेर येतो. वाळवी लागलेल्या चौकटीसारखा प्रकार : वरून रंग शाबूत, बोटाने दाबलं की आत भुगा.

आता परीक्षा. आधी दार बंद करा आणि दाराची मागची कड नीट न्याहाळा. दार आणि मागचा पत्रा यांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. वर चिंचोळी आणि खाली रुंद दिसली, तर गाडी मधोमध खचली आहे. मग मालकाची परवानगी घेऊन, दार उघडं ठेवून, बाजूच्या ठरलेल्या जागी जॅक लावा आणि चाक जेमतेम उचला. खाली डोकं घालू नका. आता दार लावून बघा. पूर्वी सहज लागणारं दार आता अडत असेल, तर उंबऱ्यात दम राहिलेला नाही.

खिशात लोहचुंबक ठेवा, रंगाला चरा पडू नये म्हणून पातळ फडक्यात गुंडाळून. मडगार्डच्या खालच्या भागावरून, चाकाच्या कमानीवरून तो हळूहळू फिरवा. एका जागी तो घट्ट धरतो, चार बोटं पुढे गेल्यावर घसरून पडतो. तिथे पत्रा नाही, पुटी आहे, वरून रंग मारलेली.

लबाडीचा आणखी एक प्रकार आहे आणि तो जास्त वाईट. कुजलेला उंबरा तसाच ठेवून त्यावर नव्या पत्र्याचं आवरण वेल्ड करायचं. चुंबक चिकटतो, रंग झकास, आत जुनी घाण कायम. उंबरा प्रामाणिकपणे बदलायचा तर पुढचं मडगार्ड बोल्ट काढून उतरवावं लागतं, मागच्या मडगार्डचा खालचा भाग कापावा लागतो, कारण उंबऱ्याची दोन्ही टोकं त्यांच्या आड असतात. जुना पत्रा कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडव्या-तिरक्या सळया वेल्ड करून ती जखडावी लागते. हे न करता कापलं की बॉडी वाकते, आणि नवा उंबरा वाकलेल्या आकारातच पक्का होतो. मग दार जन्मात नीट लागत नाही. म्हणून “सिल नवीन आहेत” असं कुणी सांगितलं तर कामाचे फोटो मागा. ज्याने काम केलंय त्याच्याकडे फोटो असतातच. असं काम कुणी हौशीने केलं तर मिरवल्याशिवाय राहतो का?

सीटच्या मागचं झाकणही उघडा. जुन्या गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या तिथे खाली बसायच्या. अॅसिडने त्या पेट्यांची चाळण झालेली असते. मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा जिथे बॉडीला धरतात, ती जागाही टॉर्च मारून बघा.

[दृश्य : छप्पर असलेली एमजीबी जीटी.]

पहिल्यांदाच या भानगडीत पडत असाल तर माझं मत जीटीला. ती १९६५ साली आली. पक्कं छप्पर, मागे उघडणारं दार. छपरामुळे बॉडीला बळ मिळतं, आणि तरीही ती उघड्या गाडीपेक्षा स्वस्त असते, कारण लोकांना केसांत वारा हवा असतो! १९७४ च्या शेवटापासून आलेल्या काळ्या रबरी बंपरच्या गाड्यांकडे तर शौकीन नाक मुरडतात. अमेरिकेच्या नियमांपायी ते जाडजूड बंपर आले आणि गाडीही दीडेक इंच उंच झाली, वळणावर जरा झुकते. असेना. चांगल्या पत्र्याची रबरी बंपरवाली मी कुजक्या, क्रोम बंपरवाल्या जुन्या गाडीच्या आधी घेईन.

कॅलिफोर्नियातून परत आणलेली गाडी हा आणखी एक मार्ग. तिकडची हवा कोरडी, त्यामुळे पत्रा कोरा करकरीत. डॅशबोर्ड उन्हाने तडकलेला असतो आणि स्टिअरिंग डावीकडे.

आणि बॉडी पार गेलीच असेल तर? १९८८ साली जुन्या ब्रिटिश गाड्यांचे पत्रे बनवणाऱ्या ब्रिटिश मोटर हेरिटेजने कारखान्याचे मूळ साचे शोधून एमजीबीची आख्खी बॉडी पुन्हा बनवायला घेतली. दहा हजार पौंडांच्या पुढे जाते, पण तिच्यामुळे एक हिशेब सोपा झाला. स्वस्तातल्या गाडीची किंमत, वेल्डरची मजुरी आणि पत्र्यांचे तुकडे यांची बेरीज त्या आकड्याजवळ जाऊ लागली, तर ती गाडी स्वस्त नव्हतीच.

खोक्यांत भरून विकायला काढलेली अर्धवट गाडी दिसली, तर खोकी उपसा. इंजिनाचे भाग बाजारात मिळतील. पण दाराच्या काचेची जुनी यंत्रणा, डॅशबोर्डवरचे मूळ मीटर, आसनांचे सांगाडे नसतील, तर भाव तिथेच पाडा.

कागदांचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये ४० वर्षांपलीकडच्या गाडीला रस्त्याचा कर नाही, आणि २०१८ पासून मोठा फेरबदल नसलेल्या अशा गाडीला वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. विकणारा हे कौतुकाने सांगेल. त्याला विचारा, शेवटची तपासणी केव्हा झाली आणि तेव्हा काय काय शेरे पडले. जुन्या शेऱ्यांत गंज कुठे धरला होता ते लिहिलेलं असतं. गाडीचा नंबर टाकला की अलीकडच्या तपासण्यांचे निकाल सरकारी वेबसाइटवर फुकट दिसतात, आणि ते बघायला गॅरेजपर्यंत जावंही लागत नाही.