भोंगा बंद पडल्यावर

मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय 'गरिबी, बेरोजगारी आणि शहरी तरुणांचा असंतोष'. वाचून मीच दचकलो. फोनवर मी म्हटलं होतं, मुंबईच्या गिरणगावातल्या पोरांबद्दल बोलेन. संयोजकांनी त्याला कोट चढवला. असो. मला एकच गोष्ट सांगायचीय, ती गेली कित्येक वर्षं जो भेटेल त्याला सांगतोय, आणि आज तुम्ही आयते सापडलात. पोर रस्त्यावर उतरतं त्यात रिकाम्या पोटापेक्षा रिकाम्या दिवसाचा हात मोठा असतो. त्या दिवसाला जो कुणी गिरणीसारखी पाळी लावून देईल, पोर त्याचं.

माझा राग आहे तो पाहणीवाल्यांवर. येतात, छापील फॉर्म काढतात, विचारतात, "मासिक उत्पन्न किती?" मी आजवर एकाही पोराला या प्रश्नाचं खरं उत्तर देताना पाहिलेलं नाही. बापासमोर तर नाहीच. पण "सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत काय करतोस?" हे विचारायला फॉर्मात रकानाच नसतो.

आमचे आप्पा, वडिलांचे धाकटे भाऊ, परळच्या एका गिरणीत त्रासन खात्यात, म्हणजे सूतकताईत, बदली होते. कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी. सातच्या भोंग्याआधी डबा घेऊन गेटवर उभं राहायचं. जॉबर, म्हणजे माणसं कामावर घेणारा मुकादम, आत हजेरी बघणार, बाहेर येणार आणि बोट दाखवणार. ज्याच्याकडे बोट, तो आत. जॉबरकडे गावचा फणस पोचला असेल तर बोटाला दिशा लवकर सापडायची. हसू नका, तुमच्यातले निम्मे त्या फणसावर कायम झालेल्यांचे नातू आहात.

बोट आलं नाही तर आप्पा घरी यायचे नाहीत. आठ वाजता परतणारा माणूस म्हणजे अख्ख्या गॅलरीला बातमी. ते चालत राणीच्या बागेत जायचे, हत्तीजवळच्या बाकावर बसायचे, दुपारी तिथंच डबा उघडायचे. साडेतीनला पहिली पाळी सुटली की त्या गर्दीत मिसळून चाळीत. चेहरा दमलेला, चाल दमलेली, सगळं बेतशीर. काकूला मात्र दारातच कळायचं, कारण केसांत कापूस नसायचा. ती कधी बोलली नाही. पाणी द्यायची आणि वाण्याकडे उधारी लिहून यायची.

आता या माणसापेक्षा गरीब कोण? तरी आप्पांनी जन्मात दगड उचलला नाही, कारण उद्या पुन्हा भोंगा होणार होता आणि खिशात बदलीचं कार्ड होतं.

त्यांचा थोरला मात्र वेगळा निघाला. मॅट्रिक झाला, टायपिंग शिकला, म्हणाला, मी गेटवर उभा राहणार नाही. बरोबरच होतं त्याचं. १९६६ च्या जूनमध्ये शिवसेना निघाली तेव्हा हा तिथं होता. त्याआधीपासून बाळासाहेब ठाकऱ्यांच्या 'मार्मिक' साप्ताहिकात कंपन्यांतल्या परप्रांतीय अधिकाऱ्यांच्या याद्या यायच्या, वर मथळा, 'वाचा आणि थंड बसा'. थंड बसतोय कोण! पण लक्षात घ्या, गिरण्या तेव्हा तीन पाळ्यांत चालू होत्या. घरात पगार येत होता. गरिबी जुनीच होती, नवं होतं ते शिकून घरी बसणं. सेनेच्या शाखेनं त्याची संध्याकाळ भरली. फळा लिहायचा, कुणाला केईएम हॉस्पिटलला न्यायचं, वर्गणी काढायची, आणि सांगतील तेव्हा मोर्चाला जायचं. दाक्षिणात्य हॉटेलवाल्यांवर दगड पडले ते याच संध्याकाळी. माझ्या चुलतभावाचं मी समर्थन करत नाही. कसं झालं ते सांगतोय.

आणि आप्पांना निदान गेट तरी होतं. दलित कामगाराला साचेखात्यात, म्हणजे विणकामात, शिरूच द्यायचे नाहीत, कारण मागावरच्या धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हाच मुद्दा काढला होता. त्या घरांतली शिकलेली पोरं १९७२ मध्ये दलित पँथर झाली. त्यांच्या रागाला रिकामा दिवस एवढंच कारण देणं हा अडाणीपणा होईल, म्हणून माझी थिअरी इथं लंगडते, हे आधीच कबूल करतो. १९७४ ला वरळीच्या बीडीडी चाळींत सेनेची आणि पँथरची पोरं समोरासमोर आली. दोन्हीकडे बेकारीच. दगड मात्र एकमेकांवर.

मग १८ जानेवारी १९८२. अडीच लाख गिरणी कामगार संपावर. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. भोंगा तेवढा गेला. त्याच ऑगस्टमध्ये पोलिसांनीच बंड केलं आणि लष्कर बोलवावं लागलं, तेव्हा रस्त्यावर कोण होतं ते इथल्या जुन्या मंडळींना विचारा. पुढं पोरांना पाळी लावून दिली ती टोळ्यांनी. नाव घेत नाही, माझा चहा अजून यायचाय.

चहाऐवजी अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे मुख्य विषय आता.

भराभर सांगतो. आपल्या देशात निरक्षरापेक्षा पदवीधरांत बेरोजगारीचं प्रमाण कितीतरी जास्त. गरिबाला बेकार राहणं परवडतच नाही, तो मिळेल ते करतो. पुण्यात मार्च २०२१ मध्ये १४ तारखेची एमपीएससीची परीक्षा ११ तारखेला पुढं ढकलली आणि नवी पेठेतली पोरं शास्त्री रोडवर बसली. अभ्यासिका हीच त्यांची पाळी होती, तीच कुणीतरी उचलून पुढं ठेवली. २०२४ ला राज्यानं युवा कार्य प्रशिक्षण काढलं, महिना सहा ते दहा हजार, मुदत सहा महिने, नंतर अकरा. मुदत संपल्यावर तीच पोरं मोर्चे घेऊन आली. यात आश्चर्य काय?

माझी मागणी अशी. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांची रोजगार हमी याच राज्यात उभी राहिली, १९७७ ला कायदा झाला, २००५ ला देशानं तसाच कायदा केला. सगळं खेड्यासाठी. केरळ आणि राजस्थाननं शहरी हमी करून पाहिली, आपण नाही. आणि पागे यांच्या त्या योजनेसाठी पैसा कुठून आला? १९७५ च्या व्यवसाय करातून. तुमच्या पगारातून महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापतात ना, तोच. शहरातल्या नोकरदारानं खेड्यातल्या माणसाच्या कामाची हमी भरली, चांगलंच केलं. त्याच्या स्वतःच्या पोराला मात्र परळमध्ये अशी हमी नाही.

मजुरी किती, काम कुठलं, महापालिकेनं द्यायचं की राज्यानं, याचं टिपण आणलंय, पण अध्यक्ष उभे राहिलेत. ग्रंथपालांकडे ठेवून जातो. ज्याला वाद घालायचाय त्यानं वाचून घालावा.