वळिवडे, १९४३ : एका छोट्या स्टेशनाची उभारणी

(दृश्य : कामाच्या टेबलावर प्लायवूडची कोरी फळी. तिच्यावर पेन्सिलने आखलेल्या दोन समांतर रेषा.)

तीन मीटर लांब आणि साठ सेंटिमीटर रुंद अशा या फळीवर मिरज–कोल्हापूर मार्गावरचे वळिवडे स्टेशन उभे राहणार आहे, आणि ते १९४३ सालच्या पावसाळ्यातले असणार आहे. युद्धकाळातला रेल्वे लेआउट, म्हणजे फळीवर मांडलेले छोट्या रेल्वेचे दृश्य, म्हटला की डोळ्यांपुढे येतात ती बॉम्बने उद्ध्वस्त झालेली यार्डे, मालगाडीच्या उघड्या वाघिणींवर साखळदंडांनी बांधलेले रणगाडे आणि शस्त्रधारी पहारेकरी. १:८७ या प्रमाणातल्या, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढ्या, रणगाड्यांचे तयार संच सहज मिळतात, आणि माझ्या पहिल्या आराखड्यात अशा दोन वाघिणी होत्याही. त्या मी काढून टाकल्या, कारण वळिवड्याला युद्ध रणगाड्यांवर बसून आलेच नाही. ते प्रवासी गाडीच्या डब्यातून, बायकामुलांच्या आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या रूपाने फलाटावर उतरले. या लेआउटवर एकही तोफ नाही, आणि तरीही हा युद्धकाळच आहे, हे पाहणाऱ्याला कळावे, एवढीच या कामामागची धडपड आहे.

उतरलेली ही माणसे पोलंडची होती. सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनी आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा पोलंडमध्ये घुसल्या, आणि फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडमधल्या कुटुंबांना मालगाड्यांच्या बंद वाघिणींत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानकडे पाठवण्यात आले. पुढे जर्मनीने सोव्हिएत रशियावरच चाल केल्यावर, पोलंड आणि सोव्हिएत सरकार यांच्यातल्या ३० जुलै १९४१ च्या करारानंतर या लोकांची सुटका होऊ लागली. १९४२ मध्ये त्यांच्यापैकी हजारो जण कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात पोहोचले. लढू शकणारे जनरल अँडर्स यांच्या पोलिश सैन्यात गेले, आणि उरलेल्या स्त्रिया, मुले व वृद्धांची पांगापांग पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड अशा दूरदूरच्या मुलखांत झाली. हिंदुस्थानात जामनगरजवळच्या बालाचडीला मुलांसाठी छावणी उघडली गेली, आणि कोल्हापूर संस्थानात, वळिवड्याच्या माळावर, सुमारे ५,००० लोकांची वसाहत वसली. शाळा, चर्च, दवाखाना, नाट्यगृह असे सारे काही असलेले ते लहानसे पोलिश गावच होते, आणि ते १९४८ पर्यंत नांदले.

(दृश्य : रुळांचा तुकडा, शेजारी पट्टी धरलेला हात.)

आता रुळांकडे वळू. मिरज–कोल्हापूर हा मार्ग १८९१ साली सुरू झाला, तो कोल्हापूर संस्थानचा होता आणि मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेला, होता. १:८७ हे प्रमाण धरले, तर बारा मिलिमीटर अंतराचे रूळ प्रत्यक्षातल्या १,०४४ मिलिमीटरची बरोबरी करतात. म्हणजे मीटरगेजच्या तुलनेत मॉडेलवर चूक राहते ती जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. भारतीय ब्रॉडगेज, म्हणजे याहून रुंद मार्ग, करणाऱ्यांना हे सुख लाभत नाही. त्यांना बाजारातल्या साडेसोळा मिलिमीटरच्या, प्रमाणाच्या मानाने अरुंद, रुळांवर १:८७ चे डबे ठेवावे लागतात, आणि ते डबे रुळांच्या मानाने कायमचे अंग चोरून उभे असल्यासारखे दिसतात. स्वित्झर्लंडमधल्या डोंगरी रेल्वे मीटरगेजच्या असल्यामुळे बारा मिलिमीटरचे उत्तम रूळ तयार मिळतात. आल्प्ससाठी घडवलेला हा रूळ पंचगंगेकाठच्या मातीत नेऊन बसवायचा, म्हणजे त्याचा झगमगाट आधी मारायचा. त्यासाठी तपकिरी रंगाचे तीन पातळ हात दिले, आणि वरची कड तेवढी घासून पुन्हा चकचकीत केली, कारण गाडी रोज धावते तेथे गंज टिकत नाही.

माती खरी आहे. ती शेतातली आहे; उन्हात वाळवून, पाट्यावर वाटून, सुती कापडातून गाळून घेतली. तिच्यातून लोहचुंबक फिरवण्याचे काम मात्र मी पहिल्या वेळी केले नव्हते, आणि त्याची शिक्षा भोगली. आपली काळी माती बेसॉल्ट खडकाची लेक आहे आणि तिच्यात लोहकण भरपूर असतात. चौथ्या दिवशी इंजिन धक्के खात थांबले. उघडून पाहिले, तर मोटारीच्या चुंबकाला काळ्या मिशा फुटाव्यात तसे कण चिकटलेले होते. सारी माती खरवडून काढावी लागली. आता पडद्यावर दिसते आहे ते चुंबक कागदात गुंडाळून गाळलेल्या मातीतून फिरवले आहे, आणि प्रत्येक फेरीला कागदावर असे बारीक काळे केस उभे राहतात. पावसाळा असल्यामुळे बैलगाडीच्या चाकोऱ्यांत पाणी साचलेले दाखवायचे होते. तेथे चकचकीत व्हार्निशचे पाच थर, एकेक वाळल्यावर दुसरा, असे दिले. कडेचा ऊस अजून पुरता वाढलेला नाही. गुऱ्हाळे पेटायला हिवाळा यावा लागतो.

(दृश्य : इंजिनाची बाजू, टेंडरवरची अक्षरे.)

रुळांवर काय धावावे, या प्रश्नाने मला सर्वांत जास्त दिवस अडकवून ठेवले. युद्धकाळातले भारतीय मीटरगेज इंजिन म्हटले की अमेरिकेहून आलेले ‘मॅकआर्थर’ इंजिन, २-८-२ चाकांचे (हे आकडे पुढच्या, मधल्या आणि मागच्या चाकांचे), हौशी मंडळींना हटकून आठवते. देखणे आहे, आणि त्याच्याविषयीची माहिती व छायाचित्रेही विपुल आहेत. पण युद्धाची मीटरगेज म्हणजे आसामची मीटरगेज. बर्माच्या आघाडीला आणि चीनला जाणारा माल त्या मार्गावरून जात होता, १९४४ च्या मार्चपासून तर बंगाल–आसाम रेल्वेचे मोक्याचे भाग अमेरिकी लष्कराच्या रेल्वे पलटणींनी चालवायला घेतले, आणि नवी इंजिने तिकडेच गेली. त्याशिवाय हिंदुस्थानातली कितीतरी मीटरगेज इंजिने, वाघिणी आणि रूळसुद्धा उखडून मध्यपूर्वेत पाठवण्यात आले होते. अशा वेळी कोल्हापूरसारख्या फाट्यावरची गाडी जुन्या, थकलेल्या इंजिनानेच ओढायला हवी. म्हणून मी जुन्या प्रमाणित घडणीचे ४-६-० इंजिन केले. त्याचा सांगाडा त्रिमितीय छपाईचा आहे, आणि वरचे नळ व दांड्या पितळी तारेच्या आहेत. रंग काळा, आणि त्यावर कोळशाची पूड पातळ गोंदात कालवून चोळलेली. डोळ्यांना नवे दिसेल असे त्यावर काहीही ठेवलेले नाही.

टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यावर, मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची अक्षरे आहेत, कारण संस्थानचा हा मार्ग तीच कंपनी चालवत असे. या अक्षरांमुळे तारखेचेही बंधन येते. १ एप्रिल १९४४ रोजी सरकारने या कंपनीचा कारभार स्वतःकडे घेतला. त्यामुळे १९४३ चा पावसाळा म्हणजे कंपनीच्या अमदानीतला अखेरचा पावसाळा ठरतो.

आणि या मार्गावर त्या वर्षी आणखी एक युद्ध चालू होते, ते विसरून चालणार नाही. मुंबईहून निघालेला प्रवासी पुण्यापर्यंत ब्रॉडगेजने येई, पुण्याला गाडी बदलून मीटरगेजमध्ये बसे, आणि कराडवरून मिरजेला पोहोचे. याच पुणे–मिरज मार्गावर, शेणोलीजवळ, ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेने इंग्रज सरकारचे पगाराचे पैसे घेऊन जाणारी गाडी अडवून लुटली होती. ज्या रुळांवरून निर्वासित एका छत्राखाली आसऱ्याला येत होते, त्याच रुळांवर आपली माणसे ते छत्र धरणारी सत्ता उलथवायला निघाली होती. हे लेआउटवर कसे दाखवावे, याचा मी खूप विचार केला. शेवटी फलाटाच्या टोकाला, झाडाच्या बुंध्याशी, हातात काठी घेतलेला एक पोलीस उभा केला. तो उतरणाऱ्या बायकांकडे पाहत नाही. गाडीतून आणखी कोण उतरते आहे, त्यावर त्याची नजर आहे.

(दृश्य : भिंगाखाली डब्याची एक खिडकी.)

ही थर्ड क्लासच्या डब्याची एक खिडकी आहे. तिची उंची आठ मिलिमीटर आहे, आणि तिच्यातली लाकडी झडप पाव मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकच्या नऊ पट्ट्यांची आहे. एकेक पट्टी किंचित तिरपी बसवावी लागते, कारण झडपेच्या पट्ट्या पाऊस आत येऊ नये म्हणून बाहेरच्या अंगाला उतरत्या असतात. एका डब्याला अशा सोळा खिडक्या, आणि डबे पाच. बहुतेक सगळ्या झडपा मी उघड्या ठेवल्या आहेत. पाऊस असला तरी उघड्या. जी माणसे तीन वर्षांपूर्वी बाहेरून कडी घातलेल्या वाघिणीत आठवडेच्या आठवडे कोंडली गेली होती, ती या डब्यात बसल्यावर खिडकी लावून घेतील, असे मला वाटत नाही.

माणसे करताना एक गोष्ट ध्यानात आली, आणि तिने मला बराच वेळ अस्वस्थ केले. पोलंडच्या बायका आणि मुले मला तयार मिळाली. जर्मनीत बनणाऱ्या १:८७ च्या बाहुल्यांत चाळिशीच्या दशकातले लांब कोट, डोक्याला बांधलेले रुमाल, हातातली ट्रंक, सगळे काही आहे; कोट कापून, इराणमधल्या छावण्यांत मिळालेल्या मदतीच्या कपड्यांसारखे थोडे ढगळ, थोडे विजोड केले, की काम झाले. पण वळिवड्याची बाई कोणत्याही डबीत नव्हती. पटका बांधलेला गडी नव्हता, बैलगाडी नव्हती, डोक्यावर पाटी घेतलेली म्हातारी नव्हती. परक्या देशातून आलेली माणसे आयती मिळाली, आणि घरची माणसे मात्र हाताने घडवावी लागली.

(दृश्य : बोटांच्या चिमटीत तारेची आकृती.)

नऊवारी नेसलेली ही बाई अठरा मिलिमीटर उंच आहे. शेजारी ठेवलेला आहे तो १९४३ सालचा भोकाचा पैसा. धातूची टंचाई होती, म्हणून सरकारने नाण्याच्या मधोमध भोक पाडले होते. या पैशावर ही बाई आडवी निजवली, तर ती कडेच्या आत मावते. आत तांब्याची तार आहे, तिच्यावर एपॉक्सी पुटीचे अंग आहे, आणि लुगडे आहे ते पातळ टिश्यू कागदाचे, पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवलेले. कागद ओला असतानाच सुईच्या टोकाने निऱ्या पाडायच्या आणि कासोटा मागे खोचायचा. त्यासाठी मिनिटभराचा अवधी मिळतो. त्यानंतर कागद ताठरतो आणि फाटतो. चौदा बाया फुकट गेल्या. पंधराव्या बाईचा कासोटा जमला, आणि पदर कमरेला खोचल्याबरोबर ती एकदम कुणाची तरी आत्या वाटू लागली.

स्टेशनाबाहेरच्या रस्त्यावर सर्व्हिस मोटार, म्हणजे त्या काळची प्रवासी बस, उभी आहे. तिच्या मागच्या बाजूला बंबासारखे नळकांडे दिसते, ते कोळशाच्या गॅसचे. पेट्रोलचे रेशनिंग असल्याने त्या काळी कित्येक मोटारी लोणारी कोळसा जाळून त्याच्या गॅसवर चालवल्या जात, आणि निघण्यापूर्वी क्लीनर हाताने पंखा फिरवून भट्टी फुलवत बसे. तो क्लीनरही तेथे आहे, पाठमोरा. तिकीटखिडकीशेजारी ‘गरज असेल तरच प्रवास करा’ अशा अर्थाचा रेल्वेचा फलक लावला आहे. देशभर लावलेला, आणि या फलाटावर उतरलेल्यांना वाचताही न येणारा. डाव्या टोकाला छावणीच्या लांबच लांब, बसक्या, कौलारू बराकी सुरू होतात आणि फळी संपते तेथे कापल्या जातात. सगळी छावणी दाखवायला ही खोली पुरली नसती.

स्टेशनाच्या नावाची पाटी मी सर्वांत शेवटी रंगवली. १९४० साली इंग्लंडमध्ये शत्रूला वाट सापडू नये म्हणून ठिकठिकाणच्या पाट्या उतरवण्यात आल्या होत्या. आपली पाटी मात्र वाचलीच गेली पाहिजे, अशी. देवनागरीत ‘वळिवडे’, आणि रोमन लिपीतले नाव ‘व्ही’ या अक्षराने सुरू होणारे. पोलिश भाषा ‘व’ हा उच्चार ‘डब्ल्यू’ने लिहिते. आपल्या ‘ळ’साठी तर रोमन लिपीत जागाच नाही. आईचा हात धरून उभी असलेली एक मुलगी मान वर करून या पाटीकडे पाहते आहे. तिचे डोके मला दोनदा कापून पुन्हा बसवावे लागले, तेव्हा कुठे तो कोन साधला.

(दृश्य : खोलीतला दिवा मालवतो. फलाटावर कंदिलांचा पिवळा उजेड.)

आता गाडी सोडायची आहे. येथे एक अडचण होती, आणि तिच्यामुळेच या लेआउटचा सारा क्रम ठरला. फलाटावरची माणसे डिंकाने चिकटवलेली आहेत. गाडी बाहेरून येताना दाखवली, तर ती पोहोचण्याआधीच उतारू आपल्या गाठोड्यांसह फलाटावर उभे दिसतील. म्हणून या लेआउटवर गाडी कधीही येत नाही. पडदा बाजूला होतो, तेव्हा ती आधीच येऊन उभी असते, डब्यांची दारे उघडी असतात, आणि आपण पाहतो ते फक्त तिचे जाणे.

सिग्नलचा हात खाली येतो. शिट्टी. ताशी तीस किलोमीटरचा वेग या प्रमाणात सेकंदाला साधारण साडेनऊ सेंटिमीटर भरतो, आणि इंजिन तो वेग कधी ओलांडणार नाही, अशी मर्यादा मी घालून ठेवली आहे. पाचवा डबा फलाट सोडतो, मागचा लाल दिवा बराकींच्या कडेने जातो आणि फळीच्या टोकाला कोल्हापूरच्या दिशेने दिसेनासा होतो. फलाटावर ट्रंका आहेत, गाठोडी आहेत, आईचा हात धरलेली मुलगी आहे. बैलगाडीवाला उतरून उभा राहिला आहे. पाटी घेतलेली म्हातारी चालता चालता थांबली आहे आणि त्यांच्याकडे पाहते आहे.