बेळे, बेऽळे आणि बेले

(कर्नाटकातल्या, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या मराठी भाषाशिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

पत्रिकेवर माझा विषय छापलाय ‘जगभरच्या भाषाशिक्षकांची अभ्याससाधने’. जग आपण शेवटच्या दहा मिनिटांत उरकू. आधी मला बैलहोंगलच्या एका किराणा दुकानात जायचंय. पुढच्या रांगेतल्या बाई हसताहेत, म्हणजे त्यांनी ही गोष्ट ऐकली आहे. बाई, शेवट सांगू नका.

मी तेव्हा चौतीस वर्षांचा, मराठी शाळेत मास्तर. नोकरीतली कन्नडची परीक्षा बऱ्या मार्कांनी पास झालेला. विभक्त्या पाठ, ‘नम्म शाले’ हा निबंध तर झोपेत म्हणेन. अशात प्रशिक्षणाला बैलहोंगलला जायची पाळी आली. एका खोलीत चार मास्तर, एक स्टोव्ह. डाळ आणायचं काम माझ्याकडे, कारण काय, तर ‘सरांना कन्नड येतं’.

मी ऐटीत दुकानात गेलो आणि विचारलं, “बेळे एष्टु?” डाळ कशी दिली, एवढंच मला विचारायचं होतं. दुकानदाराने हातातला तराजू खाली ठेवला, सुस्कारा सोडला आणि पावसाबद्दल बोलायला लागला. जोंधळा कसा गेला, कापसाचं काय झालं, विहिरीला पाणी नाही. मी मान हलवतोय. मला वाटलं डाळ महाग का झाली ते सांगतोय. पाच मिनिटं झाली तरी भाव काही येईना.

घोटाळा काय झाला होता? कन्नडात ‘ए’ दोन आहेत, एक आखूड, एक लांब. आपल्या मराठी कानाला एकच ‘ए’ माहीत. आखूड ‘बेळे’ म्हणजे पीक. लांब ‘बेऽळे’ म्हणजे डाळ. आणि ‘ळ’च्या जागी ‘ल’ घालून पुन्हा आखूड म्हटलं, ‘बेले’, की झाली किंमत. म्हणजे मी त्या बिचाऱ्याला विचारलं होतं, यंदा पीक किती? दुष्काळाच्या वर्षी! कागदावर या दोन ‘ए’ना दोन वेगळ्या खुणा आहेत, त्या मी बिनचूक काढत होतो, त्याचेच मार्क मिळाले होते. तोंडाने तो फरक मी आयुष्यात एकदाही केला नव्हता.

मग मी पोत्याकडे बोट दाखवलं. त्याच्या ध्यानात आलं. हसला नाही तो, हे मी अजून विसरलो नाही. त्याने मला तूरडाळीच्या पोत्यात हात घालायला लावला आणि म्हणाला, “बेऽऽळे.” मग दुकानाबाहेर, गावाच्या कडेच्या शेताकडे हात केला, “बेळे.” मग अंगठा बोटावर घासला, “बेले.” तीनदा. मग माझ्याकडून तीनदा. बरोबर आलं तेव्हाच पुडी बांधली. आणि पुडी देताना म्हणतो कसा, “खरे, सर, नाव ब्याळी अंतीव्री.” म्हणजे एवढं शिकवून झाल्यावर, ‘पण सर, आम्ही आपलं ब्याळी म्हणतो’! ते तर माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

पुढे वाचनात आलं की जेम्स अ‍ॅशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने टोटल फिजिकल रिस्पॉन्स नावाची पद्धत मांडली आहे. शिकणाऱ्याने आधी ऐकायचं आणि अंगाने करून दाखवायचं, बोलायची घाई नाही. माझा हात डाळीत होता तेव्हा मला हे नाव माहीत नव्हतं. त्यालाही नसणार.

आता ज्यासाठी गेलो होतो त्या प्रशिक्षणाचं. तीन दिवस ओओडी, म्हणजे शाळेबाहेरची सरकारी ड्यूटी. दोन तास एक गृहस्थ पडद्यावरच्या पाट्या वाचत होते. ‘विद्यार्थी केंद्रस्थानी ठेवा’ हे त्यांनी एकट्यानेच, मध्ये कोणालाही बोलू न देता, आम्हाला सांगितलं. अभिप्रायाचा कागद दुसऱ्या दिवशीच भरून घेतला, तिसरा दिवस कसा झाला तेसुद्धा त्यात लिहायचं होतं. मी ‘उत्तम’ लिहिलं. तुम्हीही लिहिता की. तीन दिवसांत एकानेही विचारलं नाही की तुमच्या वर्गातल्या पोरांना काय जमत नाही.

परत आलो आणि चौथीच्या वह्या तपासायला घेतल्या. एका पोराने लिहिलं होतं, ‘मी येणार होतो खरं पाऊस आला.’ आपल्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’, पुण्याच्या माणसाला ते चमत्कारिक वाटतं. आजवर त्याच्याभोवती मी लाल गोल काढत होतो. त्या दिवशी पेन थांबलं. चौतीस वर्षांचा बाप्या डाळीच्या दुकानात ओशाळला होता, आणि मी नऊ वर्षांच्या पोराला रोज ओशाळं करत होतो. गोल काढायच्या ऐवजी मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली, घरचं आणि पुस्तकातलं, आणि विचारलं, कोण कुठे बोलतं? तासभर वर्ग गोंगाट करत होता. माझ्या नोकरीतला पहिला भाषेचा तास तो.

मागून कुणाची तरी खुर्ची वाजली. मराठी मेळाव्यात हा कन्नडचं गुणगान कशाला करतोय, असंच ना? कन्नड सक्तीला माझा काल विरोध होता, आजही आहे. १९५६ पासूनचं सीमाभागाचं दुखणं मला कोणी समजावून सांगायला नको. बेळगाव की बेळगावी हेही आज नको, मला साडेसहाची बस आहे. खरं डाळवाल्याने माझं काय वाकडं केलं होतं?

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणे. म्हणजे सात. तर मंडळी, जग.

माझं म्हणणं एकच आहे. भाषा शिकवणाऱ्याने दर काही वर्षांनी एखादी नवी भाषा शून्यापासून शिकायला बसावं. बाकीची साधनं त्यानंतर कामाची. आपल्या देशात ही सोय आहे. म्हैसूरला १९६९ साली भारतीय भाषा संस्थान निघालं. त्याची विभागीय केंद्रं शाळेतल्या शिक्षकांना दहा महिने बसवून दुसरी भारतीय भाषा शिकवतात. म्हैसूरच्या केंद्रात दक्षिणेकडच्या भाषा, पुण्याच्या केंद्रात मराठी, गुजराती, सिंधी.

युरोपवाल्यांनी २००१ साली भाषेच्या सहा पायऱ्या आखल्या, ए-१ पासून सी-२ पर्यंत. अमेरिकेत १९६७ साली परदेशी भाषा शिकवणाऱ्यांची अ‍ॅक्टफल ही संघटना झाली. तिने ‘मला हे करता येतं’ अशा वाक्यांच्या याद्या केल्यात. ‘मला दुकानात भाव विचारता येतो.’ पोराने स्वतः खूण करायची. आपली गुणपत्रिका काय चुकलं ते मोजते, ही यादी काय जमलं ते. आपल्या भाषेत अशी वीस वाक्यं एका दुपारी लिहून होतील.

आणखी एक, आणि हे माझं लाडकं. युरोपच्या त्या सहा पायऱ्यांच्या चौकटीला २०२० साली मोठी पुरवणी जोडली. तिच्यात ‘मध्यस्थी’ नावाच्या कौशल्याला सविस्तर पायऱ्या दिल्या आहेत. एका भाषेतलं दुसऱ्या भाषेतल्या माणसाला समजेल असं पोचवणं. आता सांगा, ग्रामपंचायतीची कन्नड नोटीस घरी आजीला मराठीत कोण सांगतं? सातवीतली पोरगी. ती जे करते त्याला आपल्या कुठल्या पेपरात एक मार्क आहे? ऑस्ट्रियात ग्राट्झ गावी युरोपचं आधुनिक भाषांचं केंद्र आहे. त्याचं साहित्य इंग्रजीत फुकट उतरवून घेता येतं, मोबाइलवर.

जपानी मास्तर एक तास चौघांत मिळून आखतात. एकजण शिकवतो, बाकीचे त्याच्याकडे नाही, पोरांकडे बघतात. आपल्या क्लस्टरच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या बैठकीत हे होऊ शकतं, फक्त माहिती भरायचे तक्ते जरा बाजूला ठेवावे लागतील. आपल्याच राज्यातली नली-कली, म्हणजे ‘आनंदाने शिक’, ही पद्धत १९९५ च्या सुमारास म्हैसूरकडच्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात उभी राहिली, तीसुद्धा आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या शाळा बघून आलेल्या शिक्षकांनी कार्डं हाताने करूनच.

दुसरी चिठ्ठी. बरं, बरं.

खाली चहा आहे. किटलीपाशी कन्नड शाळेतल्या आमच्या एक बाई उभ्या आहेत, मीच बोलावलंय. चहा त्यांच्याकडे कन्नडात मागायचा, मराठीत मागितला तर त्या देणार नाहीत, तसं ठरलंय. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी एवढं आत्ताच पाठ करा: “सक्करी ब्याड्री.” ‘ब्या’ लांब आहे. चुकलात तर त्या दोन चमचे घालतील.