अनोळखी जिवाचा हिशेब

अमेरिकेच्या वाहतूक विभागाने २०२३ या वर्षासाठी एका माणसाच्या जिवाचे मूल्य १ कोटी ३२ लाख डॉलर इतके धरले. हा माणूस कोण, त्याचे वय काय, त्याच्या मागे कोण आहे, यांतले काहीही त्या आकड्यात नाही. महामार्गाच्या वळणावर संरक्षक कठडा उभारावा का, मोटारींना नवे सुरक्षा उपकरण सक्तीचे करावे का, असे प्रश्न आले की एका बाजूला खर्च आणि दुसऱ्या बाजूला वाचू शकणारे जीव मांडावे लागतात. दोन्ही बाजू पैशांत मांडल्याशिवाय बेरीज-वजाबाकी होत नाही, आणि त्यासाठीच हा आकडा ठरवला जातो.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो अमानुष वाटतो. पण तो कसा काढतात हे पाहिल्यावर लक्षात येते की ही जिवाची किंमत नसून धोका कमी करण्याची किंमत आहे. समजा, एका शहरात एक लाख माणसे राहतात आणि एखाद्या उपायामुळे त्या वर्षी प्रत्येकाचा मृत्यूचा धोका लाखात एकाने घटतो. याचा अर्थ, सरासरीने एक जीव वाचेल. मात्र तो कोणाचा, हे आधी कळणार नाही आणि नंतरही कळणार नाही. या उपायासाठी प्रत्येक जण १३२ डॉलर द्यायला तयार असेल, तर सगळ्यांचे मिळून १ कोटी ३२ लाख होतात. अर्थशास्त्रज्ञ याला सांख्यिकीय जीवनाचे मूल्य म्हणतात. त्या रकमेला आपला जीव विकायला कोणीच तयार झालेले नसते.

ते १३२ डॉलर कुठून येतात? काही वेळा सर्वेक्षणातून, पण अमेरिकेत बहुतांशी मजुरीच्या आकडेवारीतून. सारखे शिक्षण आणि सारखे कौशल्य असलेल्या दोन कामगारांपैकी जोखमीचे काम करणाऱ्याला किती जास्त मजुरी मिळते, ते पाहून माणसे धोक्याचा काय मोबदला घेतात याचा अंदाज बांधला जातो. यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात : कामगाराला धोक्याची पुरती कल्पना आहे आणि त्याला दुसरे काम मिळू शकते. खाणीत उतरणाऱ्या किती जणांना या दोन्ही गोष्टी लागू पडतात, असा प्रश्न मनात येतोच. या पद्धतीतला सर्वांत दुबळा दुवा मला हाच वाटतो.

तरीही ही पद्धत आधीच्या पद्धतीपेक्षा पुष्कळ बरी आहे. पूर्वी माणूस मेल्याने बुडणारी कमाई हाच मुख्य हिशेब असे. फोर्ड या मोटार कंपनीचे १९७३ चे एक अंतर्गत टिपण त्याच हिशेबाचे आहे. मागून धडक बसल्यावर पेट घेणाऱ्या पिंटो या फोर्डच्या गाडीच्या वादात ते गाजले आणि त्या एकाच गाडीविषयी असल्यासारखे पुढे सांगितले गेले. प्रत्यक्षात ते गाडी उलटल्यावर इंधन गळून लागणाऱ्या आगींविषयी आणि सव्वा कोटी मोटारी व हलक्या ट्रकांविषयी होते. प्रत्येक गाडीमागे ११ डॉलर, म्हणजे सुमारे १३ कोटी ७० लाखांचा खर्च एका बाजूला, आणि १८० मृत्यू, १८० गंभीर भाजण्याच्या घटना व २,१०० जळालेल्या गाड्या टळल्याने होणारा ४ कोटी ९५ लाखांचा लाभ दुसऱ्या बाजूला. त्यात एका मृत्यूचे मूल्य दोन लाख डॉलर धरले होते. हा आकडा कंपनीच्या मनचा नव्हता. तो सरकारी महामार्ग सुरक्षा संस्थेनेच काढलेला होता आणि त्याचा मोठा भाग बुडालेल्या उत्पन्नाचा होता. टिपणातले बाकीचे आकडे तसेच ठेवून गणित केले, तर एका जिवाचे मूल्य सात लाख डॉलरच्या आसपास धरताच निष्कर्ष उलटा होतो. त्या टिपणावर लोक संतापले ते जिवाला किंमत लावली म्हणून. माझ्या मते, ती फार कमी लावली होती, यावर अधिक संतापायला हवे होते.

याहून बोलका प्रसंग त्यानंतर दहा वर्षांच्या आतला आहे. १९८१ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी काढलेल्या आदेशानुसार प्रत्येक मोठ्या नियमाचा खर्च आणि लाभ मांडणे सरकारी संस्थांना बंधनकारक झाले. कामाच्या ठिकाणच्या घातक रसायनांवर धोक्याची सूचना देणारी लेबले लावावीत, असा प्रस्ताव कामगार सुरक्षा प्रशासनाने तयार केला. माणसाचे जीवन इतके पवित्र आहे की त्याला किंमत लावता येत नाही, अशी या संस्थेची भूमिका होती. म्हणून तिने जिवाची किंमत न धरता केवळ ‘मृत्यूचा खर्च’, म्हणजे बुडालेली कमाई आणि औषधोपचार, हिशेबात घेतला. राष्ट्राध्यक्षांच्या अर्थसंकल्प कार्यालयाने लाभापेक्षा खर्च जास्त असल्याचे सांगून प्रस्ताव फेटाळला. वाद किप विस्कुसी या अर्थशास्त्रज्ञाकडे गेला. त्यांनी मजुरीच्या आकडेवारीतून आलेले मूल्य वापरले, ते सुमारे दहापट निघाले, लाभाचे पारडे जड झाले आणि १९८३ मध्ये नियम जारी झाला. जीवन अमूल्य आहे असे म्हणणाऱ्यांच्याच कागदावर ते सर्वांत स्वस्त ठरले होते.

आकडा मान्य केला तरी तो सर्वांसाठी एकच असावा का, हा तंटा उरतोच. २००३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने हवेच्या प्रदूषणाविषयीच्या एका पर्यायी हिशेबात सत्तरीच्या आतील व्यक्तीसाठी ३७ लाख डॉलर आणि त्यापुढच्या व्यक्तीसाठी २३ लाख डॉलर धरले. वृद्धांच्या संघटनांनी इतका विरोध केला की संस्थेच्या प्रमुखांना ही पद्धत वापरणार नसल्याचे जाहीर करावे लागले. त्याआधी, १९९५ च्या सुमारास, संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीच्या अहवालात गरीब देशांतील मृत्यूचे मूल्य श्रीमंत देशांतील मृत्यूपेक्षा कित्येक पटींनी कमी धरले गेले होते, आणि त्यावर भारतासह अनेक देशांनी तीव्र आक्षेप घेतला होता. माणसे किती पैसे द्यायला तयार आहेत हे विचारले, की त्यांच्याजवळ किती आहेत हेही उत्तरात मिसळते. तेव्हा एका देशात सर्वांसाठी एकच आकडा धरणे हा शास्त्राचा निष्कर्ष नाही, तो राजकीय निर्णय आहे, आणि मला तो योग्य वाटतो.

जिवाला चेहरा मिळाला की मात्र हिशेब थांबतो. थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ च्या एका निबंधात हे नेमके टिपले होते : एका सहा वर्षांच्या मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे हवेत असे कळले, तर टपालाने देणग्यांचा पूर येईल, पण कर कमी पडल्यामुळे रुग्णालयांची अवस्था खालावून मृत्यू किंचित वाढणार असतील, तर फारसे कोणी हळहळणार नाही. ५ ऑगस्ट २०१० रोजी चिलीतील सान होसे खाण कोसळली आणि ३३ कामगार आत अडकले, तेव्हा त्यांना वर आणायला किती खर्च परवडेल असे कोणी विचारले नाही. ६९ दिवसांनी सगळे जिवंत वर आले. ते योग्यच झाले. पण अडकल्यानंतर त्यांनी वायुवीजनाच्या मार्गाने वर येण्याचा प्रयत्न केला होता, आणि तिथे असायला हवी ती शिडी नव्हती. तीच खाण २००७ मध्ये एका मृत्यूनंतर बंद करण्यात आली होती आणि पुढच्याच वर्षी पुन्हा सुरू झाली होती. शिडी बसवायच्या वेळी हे ३३ जण कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हते. तेव्हा ते सांख्यिकीय जीव होते.

दूरच्या माणसाला वाचवायला खरोखर किती खर्च येतो, याचाही हिशेब आता मांडला जातो. धर्मादाय कामांचे मूल्यमापन करणाऱ्या गिव्हवेल या संस्थेच्या अंदाजानुसार मलेरियाग्रस्त भागांत कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्या वाटून एक जीव वाचवण्यासाठी काही हजार डॉलर लागतात. पाच हजार धरले, तर १ कोटी ३२ लाखांत २,६४० जीव वाचतात. अर्थात हे दोन आकडे एकाच जातीचे नाहीत : एक आपण किती द्यायला तयार आहोत ते सांगतो, दुसरा किती पुरेसे आहे ते. मात्र ते एका कागदावर कधी येतच नाहीत. वाहतूक विभागाचा कागद देशाच्या सीमेपाशी संपतो. आणि देणगी देणाऱ्यावर तर रेगन यांच्या आदेशासारखे कसलेच बंधन नाही. त्याच्यापुढे मदतीचे जे आवाहन येते, त्यात सहसा एकाच मुलाचा फोटो असतो.