टायरचं वय

श्रोतेहो, नमस्कार.

गणपती जवळ आले. मुंबईतल्या सोसायट्यांच्या आवारात वर्षभर झाकून ठेवलेल्या गाड्यांवरची कव्हरं आता निघू लागली आहेत. कोकणात जायचंय म्हणून बॅटरी चार्ज होते, ऑइल बघितलं जातं, वायपर बदलले जातात. टायरच्या वाट्याला मात्र एक लाथ येते. लाथ मारायची आणि म्हणायचं, "हवा आहे ठीक." आज मला त्या टायरबद्दलच बोलायचंय, आणि तेही त्याच्या वयाबद्दल. टायर धावून झिजतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो नुसता उभा राहूनही म्हातारा होतो, इकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

ऊन, उष्णता, हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन, या चौघांपुढे रबराचं फार दिवस चालत नाही. म्हणून टायर बनवतानाच रबरात काजळी मिसळतात. टायर काळा दिसतो तो तिच्यामुळे. शिवाय ओझोनला अडवणारी रसायनं घालतात, आणि एक प्रकारचं मेणही. गाडी धावते तेव्हा टायर दबतो, सुटतो, पुन्हा दबतो, आणि हे मेण आतून थोडंथोडं वर येऊन रबरावर पातळ थर धरतं. गाडी महिनोन्महिने जागची हलली नाही की हा थर नव्याने धरत नाही. त्यात हवा उतरलेली, गाडीचा सगळा भार टायरच्या एकाच जागेवर, तिथली साईडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, ताणलेली. ओझोन नेमका ताणलेल्या रबराला खातो. भेग पडते ती ताणाला आडवी. आणि ओझोनला मुंबईत काय तोटा? गाड्यांचा धूर आणि ऊन एकत्र आले की तो जमिनीलगतच तयार होतो.

म्हणजे न वापरलेला टायर सुरक्षित, हा समज डोक्यातून काढून टाका. पुन्हा सांगतो, न वापरलेला टायर सुरक्षित असतोच असं नाही.

सावलीतल्या गाडीचे टायर उन्हातल्यापेक्षा जास्त टिकतात. यावरून आठवलं. विषय जरा बाजूला जाईल, पण सांगतोच. दोन गाड्यांची जागा निघावी म्हणून आवारातलं जुनं झाड पाडायला निघालेल्या सोसायट्या बघितल्या की मला संताप येतो. आधी फांद्या छाटतात, मग खोडाभोवती काँक्रीट ओततात, आणि झाड वाळलं की धोकादायक म्हणून महापालिकेकडे अर्ज करतात. त्या जागेत येणाऱ्या दोन गाड्या पुढे जन्मभर उन्हात तापणार. झाड राहू द्या हो.

तर टायर. टायरचं वय त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं. साईडवॉलवर डीओटी ही अक्षरं शोधा. त्यांच्यापुढे अक्षरं आणि आकडे असतात, ते सोडून द्या. आपल्याला हवेत शेवटचे चार आकडे. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. समजा ३४१६ लिहिलंय, तर तो टायर २०१६ सालच्या ३४व्या आठवड्यात, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस बनला. चार आकडे: आधी आठवडा, मग वर्ष. बाहेरच्या बाजूला दिसले नाहीत तर घाबरू नका, ते आतल्या बाजूला असतील. पुढच्या चाकांसाठी स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि मोबाइलचा टॉर्च लावून वाका.

आता मला एक गोष्ट सांगायची आहे. आमच्या पार्ल्याला एका तीन मजली जुन्या इमारतीत एक काकू राहतात. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी औषधाच्या दुकानात काउंटरवर काढली. काका गेल्यावर त्यांची छोटी चंदेरी गाडी काकूंनी विकली नाही. गाडी क्वचितच बाहेर पडायची, पण काकू ती जिवापाड जपायच्या. रोज सकाळी फडकं, आणि रविवारी चारही टायर कपडे धुण्याच्या पावडरने घासून वर काळं पॉलिश.

एका वर्षी पुतण्याने ठरवलं, गणपतीला याच गाडीने गुहागरला जायचं. काकूंनी मला खाली बोलावलं. "अहो, जरा बघून द्या. टायर मात्र नवेच आहेत हां. नक्षी बघा, किती खोल आहे."

नक्षी, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागावरच्या खाचा, खरंच खोल होती. गाडी जेमतेम वीस हजार किलोमीटर चालली असेल. लांबून टायर शोरूममधले वाटत होते. मी ओल्या फडक्याने पॉलिश पुसलं आणि साईडवॉलवर अंगठा दाबून रबर थोडं ताणलं. ताणल्याबरोबर रिमच्या कडेलगत भेगांची रांगच्या रांग उघडली. काही केसासारख्या बारीक होत्या. एक मात्र अशी की माझं नख तिच्यात अडकलं. नक्षीच्या खाचांच्या तळाशीही चिरा होत्या.

काकू म्हणाल्या, "असं कसं? मी तर इतकं घासते." मी म्हटलं, "काकू, तुम्ही घासता तेव्हा तपकिरी काहीतरी निघतं का?" "निघतं ना, मळ असतो तो." तो मळ नव्हता. टायरवर येणारी तपकिरी छटा बहुतेक वेळा त्या ओझोन अडवणाऱ्या द्रव्याचीच असते. कडक पावडरने घासली की संरक्षणच निघून जातं. वर जे चकचकीत पॉलिश लावतात त्यात पेट्रोलियमचं द्रावण असेल तर रबर आणखी सुकतं. टायरला साधं पाणी आणि सौम्य साबण पुरतो. टायर चमकायला कशाला हवा?

मग मी त्यांना ते चार आकडे दाखवले. ४११३. म्हणजे २०१३ सालचा ऑक्टोबर. टायरला दहा वर्षं होत आली होती. काकूंनी चष्मा वर सरकवला, खाली वाकल्या, आकडे दोनदा वाचले आणि म्हणाल्या, "म्हणजे ही बॅचची तारीख. आणि एक्सपायरी छापलेली नाही, ती आपण धरायची." मी आजवर अनेकांना हे समजावलंय. इतक्या चटकन कुणाला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही टायरच्या दुकानात. दुकानदाराने चार नवे टायर काढले, कागद फाडला. मुलगा जॅक लावणार इतक्यात काकू म्हणाल्या, "थांब रे." एकेक टायर फिरवून आकडे वाचू लागल्या. दोन टायर चालू वर्षाचे होते. उरलेले दोन जवळजवळ तीन वर्षांपूर्वीचे. दुकानदार म्हणाला, "मावशी, गोदामात नीट ठेवलेला माल आहे, काही होत नाही." त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, अंधाऱ्या, थंड जागी ठेवलेला टायर लवकर बिघडत नाही. पण काकूंनी विचारलं, "पैसे आजचे घेताय ना? मग माल तीन वर्षांपूर्वीचा का?" दोन टायर परत आत गेले. दुसरे दोन दुसऱ्या दुकानातून मागवले गेले. तासभर आम्ही स्टुलावर बसून राहिलो.

माझ्या मनात घर केलंय ते त्यानंतरच्या प्रसंगाने. दुकानदार म्हणाला, "जुने इथेच ठेवा, नक्षी चांगली आहे, बिलात थोडे कमी करतो." काकू म्हणाल्या, "आणि तुम्ही त्यांचं काय करणार?" तो काहीच बोलला नाही. काकूंनी मुलाला सांगितलं, "बाळा, सुरी आण. चारही टायरच्या बाजू काप. मुदत संपलेलं औषध मी कुणाला दिलं नाही, हे पण देणार नाही." मुलाने दुकानदाराकडे बघितलं, दुकानदाराने मान हलवली, आणि चारही साईडवॉल कापल्या गेल्या. बिल कमी झालं नाही. काकूंनी पूर्ण पैसे मोजले.

हे ऐकल्यावरही स्वस्तात वापरलेले टायर घ्यायचा मोह झाला, तर आधी ते चार आकडे वाचा.

वेळ थोडा उरलाय, म्हणून भराभर सांगतो. टायरला पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या. अनेक गाडी कंपन्या सहा वर्षांनी टायर बदला म्हणतात. बऱ्याच टायर कंपन्या टायर बनल्यापासून दहा वर्षं ही शेवटची मर्यादा धरतात, टायर कितीही चांगला दिसला तरी. मुंबईचं ऊन आणि दमट हवा बघता मी सहाच धरतो. केसासारखी भेग असेल तर लक्ष ठेवा. नख अडकलं, आतले धागे दिसले, खाचेच्या तळाशी चीर गेली किंवा साईडवॉलला फुगा आला, तर टायर बदला. खोल भेगेतून पाणी आत जातं आणि आतल्या पोलादी तारांना गंज चढतो. शहरात ताशी चाळीसने निभावून नेलेला टायर समृद्धी महामार्गावर १२०च्या वेगाने तासन्तास तापतो, आणि हवा कमी असेल तर आणखी तापतो. नक्षीची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हवी, पण नक्षी आणि वय, दोन्ही बघायचं. दोनच टायर बदलणार असाल तर नवे मागे बसवा, पावसात मागची चाकं घसरली तर गाडी सावरता येत नाही. टायरबरोबर व्हॉल्व्हही नवा घ्या, तोही रबराचाच असतो.

आणि स्टेपनी. डिकीत पडून असलेल्या पाचव्या टायरलाही वय असतं. त्याचेही चार आकडे वाचा, त्यातही हवा भरा. पंपावर हवा भरणाऱ्या माणसाला, पाऊस असो की ऊन, चार पैसे देत जा. तो दिवसभर आपल्यासाठी वाकलेला असतो.

जुने टायर काढलेत तर ते गच्चीवर नेऊन टाकू नका. पावसाचं पाणी त्यांच्या पोटात साचतं, आणि डेंग्यूचे डास तेवढ्या पाण्यात वाढतात. महापालिकेचे लोक पावसाळ्याआधी घरोघरी सांगत फिरतात ते यासाठीच. गच्चीवर असे टायर असतील तर आज संध्याकाळीच खाली उतरवा.

नमस्कार.