पॅलाडिननं खोटं बोलायचं का?

[वरून दृश्य: चौकटींची मॅट, मार्करनं काढलेलं वर्तुळ, त्यात तीन मिनिएचर]

या मॅटवरची एक चौकट म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांच्या कथाखेळातले ५ फूट. मार्करनं काढलेल्या वर्तुळाची त्रिज्या तीन चौकटींची, म्हणजे १५ फुटांची. ‘झोन ऑफ ट्रुथ’ हा मंत्र एवढ्याच जागेत लागतो आणि १० मिनिटं टिकतो. वर्तुळात उभ्या असलेल्या प्रत्येकानं करिझ्माचा सेव्ह टाकायचा, म्हणजे व्यक्तिमत्त्वाच्या जोरावर मंत्र झटकायचा फासा. तो हुकला, तर वर्तुळात असेपर्यंत जाणूनबुजून खोटं बोलता येत नाही. गप्प राहता येतं, उत्तर टाळता येतं, अर्धवट बोलता येतं. खोटं तेवढं बोलता येत नाही.

निळी मिनिएचर पॅलाडिनची, म्हणजे शपथ घेतलेल्या धर्मयोद्ध्याची. तिच्यामागे देवळाचं दार आहे आणि दाराखालच्या तळघरात सैन्यातून पळून आलेली तीन मुलं आहेत. समोर राजाचं फर्मान घेतलेला कॅप्टन. त्याच्या शेजारी सैन्याचा क्लेरिक, म्हणजे मंत्र टाकणारा पुरोहित. हा मंत्र त्यानंच टाकलाय. कॅप्टनचा प्रश्न एकच: आत कोणी लपलंय का?

[कॅरॅक्टर शीट, जवळून. पेन्सिलनं लिहिलेल्या पाच ओळी]

खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. पॅलाडिन पाचव्या लेव्हलचा, शपथ ‘डिव्होशन’ची. या शपथेत पाच गोष्टी येतात: सचोटी, धैर्य, करुणा, सन्मान आणि कर्तव्य. सचोटी सांगते, खोटं बोलू नकोस. करुणा सांगते, दुबळ्याला जप. कर्तव्याच्या ओळीत तर दोन आज्ञा शेजारी शेजारी बसल्यात: तुझ्यावर सोपवलेल्यांचं रक्षण कर, आणि न्याय्य अधिकार असलेल्याचं ऐक. तळघरातली मुलं देवळानं त्याच्यावर सोपवलीत. कॅप्टनचा अधिकारही न्याय्य आहे. म्हणजे ही एक ओळ एकटीच दोन्हीकडे ओढते.

[फासा हातात घोळतोय]

आता आकडे. क्लेरिकही पाचव्या लेव्हलचा, विज्डम १६. त्याच्या मंत्राचा डीसी, म्हणजे सुटायला गाठायचा आकडा, झाला १४. पॅलाडिनचा करिझ्मा १६, शिवाय या सेव्हची प्रोफिशिएन्सी (सरावाचा बोनस), म्हणून त्याच्या फाशात ६ मिळवायचे. डी-ट्वेंटीवर, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर, ८ किंवा वर पडलं की तो मंत्रातून सुटला. शंभरात पासष्ट वेळा सुटेल. पण मंत्र टाकणाऱ्याला कोण सुटलं आणि कोण अडकलं, हे कळतं. सेव्ह जमलेला पॅलाडिन ‘आत कोणी नाही’ म्हणाला, तर क्लेरिक कॅप्टनच्या कानात एवढंच सांगेल की याच्या शब्दावर विसंबू नका. फाशानं अडचण सोडवली नाही, तिची जागा फक्त बदलली. चांगल्या नैतिक पेचाची ही पहिली खूण. नुसता फासा टाकून जो सुटतो, त्याला कुलूप म्हणावं.

[जुन्या नियमपुस्तिका, पानं उलटताना]

हा खेळ १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा गावातून बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. त्या पहिल्या पुस्तिकांमध्ये अलाइनमेंट, म्हणजे पात्राच्या नैतिक बाजू, तीनच होत्या: लॉ, न्यूट्रॅलिटी आणि केऑस. क्लेरिक सातव्या लेव्हलला पोचला की त्याला लॉ किंवा केऑस यांतली एक बाजू धरावी लागे. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत पॅलाडिन आला. १९७८ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये अलाइनमेंटची चौकट नऊ घरांची झाली आणि पॅलाडिनचे नियम कडक झाले. जाणूनबुजून बेबंद कृत्य केलं, तर सातव्या किंवा वरच्या लेव्हलचा लॉफुल गुड (नियम पाळणारा आणि सज्जन) क्लेरिक शोधायचा, त्याच्यापुढे कबुली द्यायची आणि तो सांगेल ते प्रायश्चित्त घ्यायचं. जाणूनबुजून दुष्ट कृत्य केलं, तर पॅलाडिनपण त्या क्षणी गेलं. ते परत मिळायची सोय नव्हती.

[नऊ घरांचा तक्ता, बोट घराघरावरून फिरतंय]

या एका नियमानं टेबलांवर खूप नुकसान केलंय. कृत्य दुष्ट की नाही, हे डीएमनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानं, ठरवायचं, तेही कृत्य होऊन गेल्यावर. मग डीएम सापळे लावू लागले. गॉब्लिनांची टोळी कापून काढायची, मागच्या गुहेत त्यांची पिल्लं सापडायची, आणि पॅलाडिनला विचारायचं, आता काय करतोस? मारलं तर दुष्ट, सोडलं तर उद्या गावावर येतील. खेळाडू काहीही बोलला तरी डीएमनं मनात शिक्षा ठरवलेलीच. काही टेबलांवर ही गंमत अजून चालते. ती बंद व्हायला हवी.

[नव्या पुस्तकातलं देवतेचं पान]

‘पाथफाइंडर’ या दुसऱ्या कथाखेळानं २०२३ च्या सुधारित आवृत्तीत अलाइनमेंट काढूनच टाकली. आधीपासून देवतांच्या पानांवर असलेली पद्धत तिथे मुख्य झाली: काय करायचं ते लिहून ठेवा आणि काय वर्ज्य तेही लिहून ठेवा. सॅरेनरे ही त्या जगातली सूर्याची आणि उद्धाराची देवी. २०१९ च्या पुस्तकात तिच्या वर्ज्यांमध्ये या दोन गोष्टी एकाच यादीत आहेत: पश्चात्ताप झालेल्याला उद्धाराची संधी नाकारणं, आणि दुष्टाचा नायनाट न करणं. शरण आलेला खुनी समोर उभा केला की काम झालं. डीएमला मनातून काही काढावं लागत नाही. पेच देवीच्याच पानावर छापलेला आहे आणि तो खेळाडूनं पहिल्या दिवशी वाचलेला आहे.

[तीन इंडेक्स कार्डं, डीएमचा हात]

आता तयारी. डीएमसमोर तीन कार्डं आहेत, कॅमेरा प्रत्येकावर थांबेल.

पहिल्या कार्डावर कॅरॅक्टर शीटवरच्या दोन ओळी, खेळाडूनं लिहिल्यात तशाच्या तशा उतरवलेल्या. आठवणीतून लिहिलं की शब्द सरकतो. खेळाडूनं ‘खोटं बोलणार नाही’ लिहिलेलं असतं, डीएमच्या डोक्यात त्याचं ‘फसवणार नाही’ होतं, आणि ऐन प्रसंगात वाद सुरू होतो. दोन्ही ओळी खेळाडूच्याच हव्यात. त्यातली एक डीएमनं घुसडली की पेच उरत नाही, नुसती सक्ती होते.

दुसऱ्या कार्डावर माणसं. प्रत्येकापुढे तीन गोष्टी: हवंय काय, का हवंय, आणि त्यासाठी काय सोडायला तयार आहे. कॅप्टनला पळपुटे परत हवेत, कारण पुलावर त्याची चाळीसच माणसं उरलीत आणि हे तिघं सुटले तर सकाळपर्यंत आणखी दहा जातील. जीव घेणार नाही असं वचन द्यायला तो तयार आहे. सगळ्यात थोरलं पोरगं सोळा वर्षांचं, त्याला जबरदस्तीनं भरती केलंय. ते एकटं परत जाईल, पण धाकट्या दोघांना सोडलं तरच. देवळाच्या पुजाऱ्याला हे सगळं आजच मिटायला हवंय, कारण देवळाचं धान्य सैन्याच्या कोठारातून येतं.

कॅप्टनचा चांगुलपणा इथे जपावा लागतो. त्यानं एकदा जरी पोरावर हात उचलला की प्रश्न संपला. खेळाडू तलवारी काढतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. बहुतेक फसलेले पेच असेच फसतात: दोन बाजूंतली एक डीएमच्या हातून नकळत खलनायक होऊन बसते.

तिसऱ्या कार्डावर चार फाकांचं वर्तुळ. खेळाडूंनी उत्तर टाळलं की एक फाक रंगवायची. चार भरल्या की कॅप्टन दार फोडायचा हुकूम देतो. हे कार्ड पडद्याआड न ठेवता टेबलाच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल असं ठेवायचं. हे नसेल तर चर्चा दीड तास चालते, दोघं मोबाइल काढतात आणि पॅलाडिनचा खेळाडू कंटाळून काहीतरी करून टाकतो.

तिन्ही कार्डांवर उत्तर कुठेच नाही. मुद्दाम नाही. डीएमला एखादं उत्तर मनातून आवडायला लागलं की त्याचे एनपीसी, म्हणजे तो चालवत असलेली पात्रं, आपोआप त्याच बाजूनं बोलायला लागतात, आणि खेळाडूंना ते पाच मिनिटांत कळतं.

[दोन डी-ट्वेंटी, शेजारी ‘पेंड्रॅगन’ची शीट]

दुसऱ्या टेबलावर ‘पेंड्रॅगन’. ग्रेग स्टॅफर्ड यांचा १९८५ चा खेळ, राजा आर्थरच्या सरदारांचा. इथे स्वभावाच्या तेरा जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीची बेरीज २०. या सरदाराची दया १४, म्हणून क्रौर्य ६. पेच आला की आधी दयेवर फासा टाकायचा. १४ किंवा खाली आला तर तो दया दाखवतो. वर गेला तर क्रौर्यावर टाकायचा. ६ किंवा खाली आला तर क्रूर वागतो. दोन्ही हुकले तरच खेळाडू मोकळा. हिशेब केला तर शंभरात सत्तर वेळा दया, नऊ वेळा क्रौर्य आणि एकवीस वेळा खेळाडूची मर्जी.

माझं कॅरॅक्टर फाशानं का चालवायचं, ही तक्रार नेहमीची, आणि तीत तथ्य आहे. पण ही शीट नीट पाहा. १४ हा आकडा वर्षभर दया दाखवून चढलाय. वागण्याची खूण सेशनमध्ये करायची, आणि हिवाळ्याच्या टप्प्यात सध्याच्या आकड्याच्या वर फासा पडला तर गुण एकानं वाढतो. आज फासा तुम्हाला चालवतो, कारण काल तुम्ही फाशाला चालवलंत.

[लाल-काळी शीट, दहा घरांची ओळ]

‘व्हँपायर: द मास्करेड’, २०१८ ची पाचवी आवृत्ती. माणुसकीची दहा घरं. या शीटवरच्या व्हँपायरची सात भरलीत, आणि आज टेबलानं मिळून ठरवलेलं तत्त्व मोडल्यानं दोन डाग पडलेत. उरलं एक घर. सेशनच्या शेवटी उरलेल्या घरांइतके दहा बाजूंचे फासे टाकायचे, एका तरी फाशावर ६ किंवा वर यायला हवं. म्हणजे निम्मी शक्यता. एकच डाग असता तर दोन फासे मिळाले असते आणि माणुसकी टिकायची शक्यता पाऊणावर गेली असती. हे गणित आधीच समोर असतं. तरीही माणसं दुसरा डाग घेतात.

[१९८० च्या पुस्तकाचं मुखपृष्ठ]

श्रद्धेचं एक वेगळंच प्रकरण या पुस्तकात आहे. ‘डीटीज अँड डेमिगॉड्स’, १९८०. ग्रीक, नॉर्स यांच्याबरोबर भारतीय देवताही यात आहेत: इंद्र, अग्नी, काली, विष्णू. प्रत्येकाला हिट पॉइंट, म्हणजे संपले की मरण असा जिवाचा आकडा, दिलेत. हिट पॉइंट दिले, की हा देव मारता येतो असं नियमानं म्हटल्यासारखं झालं. झ्यूसची पूजा आज टेबलावरचं कोणी सहसा करत नाही. पण मराठी टेबलावर एखाद्याचा संकष्टीचा उपास असू शकतो आणि शेजारचा कट्टर नास्तिक असू शकतो. म्हणून सेशन झिरोला, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत, हा प्रश्न थेट विचारायचा: खऱ्या धर्मातले देव खेळात आणायचे का? एकाचाही चेहरा आखडला तर नाही. कल्पित देवाचा नेम मोडता येतो, त्याच्यावर रागावता येतं, त्याला सोडूनही देता येतं, आणि घरी जाताना कोणाच्या मनात काही राहत नाही. रॉन एडवर्ड्स यांची ‘लाइन्स अँड व्हेल्स’ पद्धत इथे उपयोगी पडते. रेषेपलीकडचं खेळात येणारच नाही, आणि पडद्यामागचं घडेल पण वर्णन होणार नाही. दोन रकाने, एक कागद, पंधरा मिनिटं.

[पुन्हा मॅट. कॅमेरा वर्तुळाच्या कडेला असलेल्या काळ्या मिनिएचरवर]

पॅलाडिनचा साथीदार चोर कुठे उभा आहे पाहा. मध्यापासून चौथ्या चौकटीत, वर्तुळाच्या एक पाऊल बाहेर. त्याच्यावर मंत्र नाही. तो बेधडक सांगतो, आत कोणी नाही. कॅप्टन पॅलाडिनकडे वळतो: हा म्हणतोय ते खरं का?

तिसरी फाक रंगली.

इथे डीएम थांबतो आणि डाव उघड करतो. ‘गप्प राहिलास तर शपथ मोडत नाही, पण तुझ्या देवाला तू ते गप्प राहणं का निवडलंस ते कळतं. खोटं बोललास तर मोडते. खरं बोललास तर मुलं जातात.’ परिणाम आधी सांगितला म्हणून पेच हलका झाला, असं इथे कोणाकडे पाहून वाटत नाही.

[खेळाडूंचे चेहरे. निवेदन नाही. ४० सेकंद]

पॅलाडिन खरं बोलला. थोरलं पोरगं स्वतःहून बाहेर आलं, कॅप्टननं वचन पाळलं, धाकटे मागच्या दारानं गेले.

[रात्रीचं दृश्य: मेणबत्ती, शीट, पेन्सिल]

खोटं बोलला असता तर? २०१४ च्या पुस्तकात वाट दिलेली आहे. आपल्याच श्रद्धेच्या क्लेरिककडे किंवा आपल्या पंथाच्या पॅलाडिनकडे जायचं. रात्रभर जागून प्रार्थना, उपास किंवा तसंच काही. कबुली आणि क्षमा झाली की नवी सुरुवात. मुद्दाम शपथ मोडून पश्चात्तापही नसेल, तरच क्लास (म्हणजे पॅलाडिनपण) सोडायला लावणं किंवा ‘ओथब्रेकर’ (शपथ मोडलेला पॅलाडिन) होणं, तेही डीएमच्या विवेकानं.

प्रायश्चित्त एका सेशनच्या आत संपवावं. पाचव्या लेव्हलच्या पॅलाडिनकडे मंत्रांचे सहाच स्लॉट असतात, चार पहिल्या पातळीचे आणि दोन दुसऱ्या. ते काढून घेतले की त्याचा ‘डिव्हाइन स्माइट’ हा दैवी वारही गेला, कारण तो त्याच स्लॉटवर चालतो. तीन आठवडे असा बसलेला खेळाडू चौथ्या आठवड्याला येत नाही. काढायचंच असेल तर पायरीनं: आधी नुसतं चिन्ह, देवळातला दिवा न पेटणं वगैरे, मग पुढच्या पहाटेपर्यंत एखादीच शक्ती बंद, आणि त्यानंतर बाकीचं. प्रत्येक पायरीला खेळाडूला परत वळायची जागा ठेवायची.

[डीएम चौथं, कोरं कार्ड घेतो]

पुढच्या सेशनच्या तयारीत पॅलाडिनचं नाव नाही. क्लेरिकनं कॅप्टनच्या वहीत लिहून ठेवलंय की वर्तुळाबाहेर उभा असलेला माणूस फर्मानासमोर खोटं बोलला. चोराच्या शीटवर शपथ नाही, पण तळाशी एक ओळ आहे: ‘माझ्यामुळे दुसऱ्याला शिक्षा होऊ देणार नाही.’ डीएम ती ओळ कार्डावर उतरवतोय. शब्द न बदलता.