कोऱ्या जागेचं वजन

(सोलापुरात मुद्रण आणि पानमांडणी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

बोलायला उभं राहण्याआधी मी पुढच्या रांगेत शिशाचे चार तुकडे दिले. ते हातोहात मागेपर्यंत जाऊ द्या. मघाशी एकीनं विचारलं, यावर अक्षर कुठंय? त्यावर अक्षर नाहीच. याला क्वाड म्हणतात. खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे शिशाचे ठसे, जुळवून छपाई व्हायची त्या काळात दोन शब्दांमध्ये, ओळीच्या शेवटी, परिच्छेदाच्या सुरुवातीला जी कोरी जागा दिसते ती या तुकड्यांनी बनायची. अक्षराच्या खिळ्याची उंची ०.९१८ इंच. क्वाड त्याहून बुटका असतो, म्हणून शाईचा रूळ वरून फिरला तरी त्याला शाई लागत नाही आणि कागदावर तेवढा भाग पांढरा राहतो. दोन ओळींमध्ये अंतर हवं असेल तर शिशाची पातळ पट्टी सरकवायची, तिला लेड म्हणायचे. तुमच्या संगणकात 'लेडिंग' नावाचा जो आकडा दिसतो, तो शब्द या पट्टीवरून आलेला आहे.

मी मंगळवार पेठेतल्या एका छापखान्यात उमेदवारी केली. तिथले वडीलधारे जुळारी, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो, त्यांनी पहिले पंधरा दिवस मला एकाही अक्षराला हात लावू दिला नाही. छापून झालेला मजकूर सोडायचा आणि त्यातले क्वाड आणि स्पेस जाडीनुसार आपापल्या खणात टाकायचे, एवढंच काम. बोटांना जाडी कळायला लागली तेव्हा कुठं हातात स्टिक, म्हणजे खिळे ओळीत जुळवायची पट्टी, आली. तेव्हाच एक गोष्ट पाहिली, ती आजही प्रत्येक पान करताना आठवते. नुसतं शीर्षक असलेलं पान, म्हणजे मधोमध तीन ओळी आणि बाकी सगळं कोरं, हे जुळवायला सर्वांत अवघड. कारण तो कोरा भाग ठोकळ्यांनी घट्ट भरला नाही, तर फर्मा, म्हणजे चौकटीत आवळलेला जुळवलेला मजकूर, उचलताना मधल्या तीन ओळी गळून जमिनीवर पडायच्या. अक्षरं जागेवर धरून ठेवण्याचं काम कोऱ्या जागेचं होतं, आणि ते अगदी खरंखुरं, लोखंडी चौकटीतलं काम होतं.

आता पडद्यावर पान उघडलं की ते आधीच पांढरं असतं. ते कुणी केलेलं नसतं, त्याला दाम पडत नाही. म्हणून सगळ्यांची समजूत अशी झाली की मजकूर टाकून झाल्यावर जी उरते ती कोरी जागा. मग गिऱ्हाईक काउंटरवर येऊन म्हणतं, 'इथं रिकामं राहिलंय, काहीतरी टाका.' आणि आपण कलश टाकतो, मोर टाकतो, वेलबुट्टीची चौकट टाकतो. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की कोरी जागा आधी ठरवायची असते, आणि इंग्रजी पानापेक्षा मराठी पानाला तिची गरज जास्त असते.

सोलापूरकरांना हे समजावणं सोपं आहे. तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी कुणी ना कुणी मागावर काम केलेलं असेल. चादरीचं डिझाईन आधी चौकटीच्या कागदावर काढतात, मग त्यावरून जेकार्डची कार्डं पंच होतात. कार्डात जिथं भोक आहे तिथला उभा धागा उचलला जातो. जिथं भोक नाही तिथला खाली राहतो. म्हणजे भोक नसणं हासुद्धा मागाला दिलेला हुकूमच. बुट्ट्यामागची सपाट जमीन आपोआप तयार होत नाही, तीही धाग्याधाग्यानं विणावी लागते. पान करताना हे डोक्यात ठेवा.

आता मराठी पानाला जास्त गरज का, ते सांगतो. रोमन लिपीत मोठी अक्षरं आहेत, छोटी आहेत, तिरपी अक्षरंही तिथं परंपरेनं आलेली आहेत. एखादं नाव उठून दिसायला हवं तर इंग्रजीवाला ते मोठ्या अक्षरांत लिहून मोकळा होतो. देवनागरीत ही सोय नाही. वाक्याची सुरुवात कळायला मोठं अक्षर नाही, विशेषनाम कळायला नाही. देवनागरी तिरपी केली की ती ढकलल्यासारखी दिसते. आपल्या हातात अक्षराचा आकार, जाडी आणि अंतर एवढंच उरतं. त्यातलं अंतर हे सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित.

त्यात शब्द सुटे लिहिण्याची सवयही आपल्याकडे उशिरा आली. मोडी लिहिताना आधी कागदावर आडवी रेघ ओढून घ्यायचे आणि तिला अक्षरं लटकवत जायचे, शब्द कुठं तुटतो ते वाचणाऱ्यानं ओळखायचं. जुन्या पोथ्यांतही शब्द सलग असायचे. पण पोथी बघितलीत तर तिच्या दोन्ही बाजूंना ऐसपैस समास दिसेल. शब्दांमध्ये जागा न सोडणारा लेखनिकही पानाच्या कडेला मात्र जागा राखायचा, कारण तिथं बोटांनी धरायचं असतं आणि चुकलेलं अक्षर तिथं लिहायचं असतं. छपाई आली तेव्हा हे सगळं बदललं. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून छापणाऱ्या यंत्रावर, मराठी पंचांग छापलं, जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, आणि निर्णयसागरच्या खिळ्यांनी छापलेली पानं आजही कुणी डोळ्यांपुढे धरली तर त्यांचा ठसठशीतपणा कळतो. निर्णयसागरचा एखादा जुना संस्कृत ग्रंथ वाचनालयात मिळाला तर जरूर बघा. मूळ श्लोक मोठ्या टाइपात, टीका लहान टाइपात, आणि दोहोंमधलं अंतर असं की कोण बोलतंय ते न वाचताच समजतं.

ओळींमधल्या अंतराकडे येतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. अक्षराचा आकार आणि ओळींचं अंतर पॉइंटात मोजतात, एका इंचात ७२ पॉइंट. इंग्रजी मजकूर १० पॉइंटचा असेल तर १२ पॉइंटचं लेडिंग चालतं, आणि बरीचशी सॉफ्टवेअरं आपोआप तेवढंच देतात. तेच मराठीला दिलं की पान काळं होतं. आपलं अक्षर शिरोरेषेवर संपत नाही. तिच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. तळाशी उकार, ऋकार, खालचा रकार. वरच्या ओळीत 'शत्रू' किंवा 'हृदय' असेल आणि त्याच्या नेमकं खाली 'कर्मेंद्रिय' आलं, तर वरचा ऊकार खालच्या रफारात घुसतो. म्हणून ११ पॉइंटच्या मराठी मजकुराला मी १६ पॉइंटच्या खाली जात नाही, १७ दिलं तरी बिघडत नाही. फॉन्ट बदलला की हा आकडा पुन्हा तपासायचा. मात्रांना जागा मिळावी म्हणून बऱ्याच देवनागरी फॉन्टांत मूळ अक्षर लहान ठेवलेलं असतं, त्यामुळे एकाच आकड्याचे दोन फॉन्ट शेजारी ठेवले तर एक थोरला आणि एक धाकटा वाटतो. आकड्यावर विश्वास ठेवू नका, छापून डोळ्यांनी बघा.

अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवायचं नाही. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून इंग्रजीत अक्षरं सुटी करतात, ते बघून आपणही करतो आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. शिरोरेषा म्हणजे शब्दाचं छप्पर. ऐसपैसपणा हवा असेल तर तो शब्दाच्या चारी बाजूंना द्या, शब्दाच्या पोटात नको.

वर्तमानपत्राच्या अरुंद स्तंभात दोन्ही कडा सरळ करायचा हट्ट धरला की आणखी एक दुखणं सुरू होतं. आपली विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. 'महानगरपालिकेच्या', 'विद्यार्थ्यांसाठीसुद्धा' असे लांबलचक शब्द पुढच्या ओळीत गेले की मागे राहिलेले तीन शब्द ताणून ओळ भरावी लागते, आणि पानावरून पांढरे ओघळ खाली उतरताना दिसतात. पान उलटं धरून डोळे किलकिले करा, लगेच दिसतील. अशा वेळी उजवी कड मोकळी सोडा. ती थोडी खालीवर झाली तरी वाचणाऱ्याला त्रास होत नाही, शब्दांमधली अंतरं मात्र सारखी राहतात.

आता लग्नपत्रिका. तुमच्यातल्या बहुतेकांची पहिली कमाई तीच असणार, म्हणून जरा थांबून बोलतो. वर 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न', मग 'आमचे येथे श्रीकृपेकरून', मग वधूवर, दोन्हीकडचे आजीआजोबा, मुहूर्त, लग्नस्थळ, आपले नम्र, आणि तळाशी किलबिल, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं'. नावं चाळीस असतात आणि त्यातलं एकही कापता येत नाही. कापूही नये. पत्रिकेत नाव राहिलं तर घरात वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. मजकूर कमी होणार नाही हे गृहीत धरूनच जागा शोधायची.

मी आधी पत्रिकेतल्या गोष्टींचे चार गठ्ठे करतो. कोण बोलावतंय, लग्न कुणाचं, कधी, कुठं. एका गठ्ठ्याच्या आतल्या ओळी जवळजवळ, दोन गठ्ठ्यांमध्ये त्याच्या दुप्पट अंतर. मग अक्षराचे आकार मोजतो. आलेल्या नमुन्यात सात-आठ आकार सहज असतात, ते तीनवर आणतो. टाइप एकच. चौकट काढतो, आणि चारी बाजूंनी दोरीनं आवळलेली पत्रिका मोकळी होते. कडेची अर्धा इंच जागा नुसत्या वेलबुट्टीनं खाल्लेली असते. ती जागा मुहूर्ताच्या वर आणि खाली देतो, कारण पाहुणा पत्रिका दुसऱ्यांदा उघडतो ती तारीख आणि वेळ बघायलाच. पत्रिका मध्यावर जुळवलेली असते, तेव्हा ओळ अर्थ बघून तोडायची. 'चि. सौ. कां.' एका ओळीच्या शेवटी आणि मुलीचं नाव पुढच्या ओळीवर, असं कधीही होऊ देऊ नका. 'दुपारी १२ वाजून' इथं ओळ संपली आणि '३५ मिनिटांनी' खाली गेलं तर वाचणारा बाराला हजर होतो. वर्डमध्ये कंट्रोल आणि शिफ्ट दाबून स्पेस मारली की ती जागा तुटत नाही. ही एवढी सवय लावून घ्या.

आता एक माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी विडी कामगार बायकांसाठी भविष्य निर्वाह निधीच्या अर्जाची माहिती देणारं पत्रक माझ्याकडे आलं. मराठी आणि तेलुगू, एकच ए-फोर कागद. मी दोन्ही भाषा शेजारी शेजारी दोन स्तंभांत बसवल्या, ९ पॉइंटात, वर रंगीत पट्टी, भोवती चौकट. मला ते नेटकं वाटलं होतं. वाटपाच्या दिवशी मी तिथं गेलो. एक बाई ते पत्रक आपल्या मुलीकडून वाचून घेत होती. मुलगी सातवी-आठवीतली, चांगली वाचणारी. पण ओळ संपली की तिचं बोट खालच्या ओळीवर न जाता पलीकडच्या तेलुगू स्तंभात जायचं, नाहीतर एक ओळ गाळून पुढच्या ओळीवर. कागदपत्रांच्या यादीतला एक कागद तिनं तीन वेळा वाचला आणि एक वाचलाच नाही. ज्या कागदावाचून अर्ज अडतो, तोच.

रात्री ते पत्रक पुन्हा केलं. मजकुरातला शब्दही बदलला नाही. मराठी पुढच्या बाजूला, तेलुगू मागच्या. दोन स्तंभांमुळे अरुंद ओळींच्या शेवटी जी जागा वाया जात होती ती परत मिळाली. पट्टी आणि चौकट काढल्यावर आणखी मिळाली. अक्षर १२ पॉइंटांवर गेलं, प्रत्येक कागदपत्राला स्वतःची ओळ आली आणि दोन कागदपत्रांमध्ये बोट मावेल इतकं अंतर. तेलुगू बाजू जुळवताना तेलुगू सहकाऱ्याला शेजारी बसवलं. तेलुगूला शिरोरेषा नाही, अक्षरं गोल, डोक्यावर तलकट्टूची छोटी खूण, आणि जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लटकतो. मराठीचं अंतर तिला जसंच्या तसं लावलं तर ती गुदमरते. तिला तिचं वेगळं लेडिंग दिलं. आपल्या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार लिप्या एकाच चौकात नांदतात, तेव्हा एका लिपीचं माप दुसरीला लावायचं नाही हे सोलापूरच्या मांडणीकाराला इतरांच्या आधी कळायला हवं.

कुणी म्हणेल, सगळंच मोकळं कसं ठेवणार, काही पानं गच्चच असतात. खरं आहे. दाते पंचांग आपल्या सोलापुरातूनच निघतं. पंचांगाचं पान बघा. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण, शेजारी वेळा, सगळं बारीक आकड्यांत. तरीही आजी चष्मा लावून एकादशी बरोबर काढते. कारण प्रत्येक गोष्टीची उभी जागा ठरलेली आहे आणि आकड्याखाली आकडा येतो. तिथं अंतर केसाएवढं आहे, पण ते पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत हललेलं नाही. गच्च पानात कोरी जागा थोडी असते, म्हणून ती जास्त काटेकोरपणे राखावी लागते.

राहिलं ते गिऱ्हाईक. 'इथं रिकामं राहिलंय' असं तो म्हणाला की वाद घालू नका, आणि लगेच मोरही टाकू नका. त्याच्या मनासारखी एक प्रत काढा, तुमच्या मनासारखी एक काढा, दोन्ही काउंटरवर ठेवा आणि त्याला विचारा, लग्न किती वाजता आहे ते यातून वाचून दाखवा. त्याचं बोट कुठल्या कागदाकडे जातं ते बघा.